पांढऱ्या गाडीचं दार

बाबा परदेशात वारल्यावर त्यांनी जिवापाड जपलेली गाडी जहाजातून माझ्याकडे आली, ती वाटेत दाराला भला मोठा पोचा पाडून घेऊनच. गॅरेजवाल्या काकांनी तो ठोकून सपाट केला आणि पॉलिश पेपरने रंग घासायला घेतला. “ताई, इकडे या. ही गाडी आधी पिवळी होती?” मी वाकले. पांढऱ्याखालून तळहाताएवढा पिवळा उघडा पडला होता. मी चार वर्षांची असताना आई घर सोडून गेली. पिवळ्या गाडीत तिच्या मांडीवर बसल्याचं मला आठवायचं, पण बाबा उडवून लावायचे: “आपली गाडी पहिल्यापासून पांढरीच. स्वप्न पडलं असेल तुला.” शेवटी मीही ते स्वप्नच मानलं. “कसा ताजा राहिलाय बघा,” काका म्हणाले. “वरून झाकलेला होता ना, ऊन लागलंच नाही.” त्यांनी प्रायमरचा डबा उघडला. मी पिवळ्यावर हात ठेवला. “काका, अजून थोडं घासा.”