सहावा पाय

"सोनबाकाका, या नळीतलं स्पिरिट कुठं गेलं?"

दीक्षाच्या आवाजानं भोसरीतल्या त्या वर्कशॉपातलं लेथ मशीन आपणहून थांबलं. निदान तिथली माणसं तरी तसंच सांगतात.

म्हातारा सोनबा मापं घ्यायचे गेज पुसत बसला होता. त्यानं हातातलं फडकं कौतुकानं वर धरलं. "ह्यात की! काय माल हाय पोरी. तीस वर्सांत असलं चोख स्पिरिट बघितलं न्हाई."

बापाला डबा द्यायला ती दोन मिनिटं आत आली होती आणि नळी टेबलावर ठेवली होती. त्या टेबलावरचं स्पिरिट गेज पुसायलाच असतं, हे तिथल्या उंदरांनाही ठाऊक.

"त्यात फुलपाखराचा पाय होता."

सोनबा हसला. मग तिच्या बापाचं, साहेबरावांचं, तोंड बघून त्यानं हसू आवरलं. "मग दुसरा आण की."

"कुठनं आणू? महाळुंग्याच्या टेकडीवर एकच सापडलं होतं. एक पाय काढून घेतला नि सोडून दिलं. पाच पायांवर उडून गेलं. आता तिथं गोदाम आहे."

महाळुंगे सोनबाचंच गाव. त्यानं फडकं हळूच टेबलावर ठेवलं.

अडीच वाजले होते. चारला पुण्यातल्या प्रयोगशाळेत तिचा नंबर होता, आठ महिन्यांनी लागलेला.

साहेबरावांनी मेन स्विच पाडला. पंखे थांबले. "कुणी शिंकायचं नाही," ते म्हणाले. लेथवरच्या विलासला नेमकी सर्दी. त्यानं नाक असं दाबून धरलं की त्याचे कान हलायला लागले.

फडकं उलगडलं. आत लोखंडाचा कीस: काळा, बारीक, वाकडा, हजारांनी. त्यात भुवईच्या केसाएवढा एक पाय.

"बोट लावू नका," दीक्षा म्हणाली. "माणसाचा घाम लागला तर प्रयोगशाळेतलं यंत्र माणूसच वाचत बसेल."

"वाचतं काय पण यंत्र?" विलासनं गेंगाण्या आवाजात विचारलं.

"पेशीत एक इवलीशी साखळी असते. ती आईकडून येते, आईला तिच्या आईकडून. ती इतरांच्या साखळीशी ताडून बघितली की कळतं, कोणतं फुलपाखरू कुणाच्या घराण्यातलं. हे नुसतं बघून कुठंच बसत नाही. रंग एकाचा, पंखांची ठेवण दुसऱ्याची."

"आणि बापाचं?" साहेबरावांनी मान वर न करता विचारलं.

"यात बापाचं काही नसतं, पप्पा."

"बरं. मग बापानं शोधावं तरी."

त्यांनी लोहचुंबक कागदात गुंडाळलं आणि फडक्यावर वीतभर उंच धरलं. मग खाली आणलं, सावकाश, जणू झोपलेल्या वाघाच्या मिशा मोजायच्या होत्या. कीस ताठ उभा राहिला. एक कण उडाला, मग दहा, मग सगळाच काळा थवा कागदाला जाऊन चिकटला.

फडक्यावर दोनच उरले.

दोन्ही काळे. दोन्ही वाकडे. दीक्षानं भिंग लावलं. विलासनं हळूच स्वतःची मिशी चाचपली.

"हा," ती शेवटी म्हणाली. "याला गुडघा आहे."

तिनं पिशवीतून नवी नळी काढली, ताजं स्पिरिट ओतलं, चिमटा पुसला. चिमटा पायाजवळ नेला नि परत मागे घेतला. साहेबरावांनी चिमटा तिच्या हातातून घेतला, पाय उचलला आणि नळीत सोडला. तो गिरक्या घेत तळाला गेला. तिनं झाकण फिरवून घट्ट केलं.

तीनला पाच कमी. ती दाराशी पोचली तेव्हा सोनबानं हाक मारली.

"पोरी, आन् समजा ते येगळ्याच घराण्याचं निघालं, तर?"

"तर त्या टेकडीवरनं कायमचं कोण गेलं ते कळेल, काका."

सोनबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.