परिक्रमेचे बूट

नर्मदा परिक्रमेसाठी सुहासिनीबाईंनी राजवाड्याच्या बाजारातून पांढऱ्या साड्या, घोंगडी, काठी आणि आयुष्यातले पहिले बूट आणले. बुटांना हळदकुंकू लावून कपाटात ठेवले. आठवड्यानं पाहतात तर तळाला धूळ! मनात पाल चुकचुकली. आपण कीर्तनाला गेलो की सूनबाई यामिनी बूट घालून सराफ्यात मिरवत असणार! बुवांचं निरूपण रंगलं तरी त्यांना धूळच दिसे. अखेर आरती सोडून घरी परतल्या. यामिनी तेच बूट घालून जिन्यावर चढउतार करत होती. "माझ्या परिक्रमेचे बूट उष्टे केलेस?" "गुस्सा नका करू, आई! नवे जूते बहुत चावतात. आपला नंबर एकच ना? म्हटलं, आधी मलाच चावू देत." तिनं बूट काढले. दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. परिक्रमेत गावोगावची माणसं यात्रेकरूंचे पाय धुतात म्हणे. सुहासिनीबाई कोमट पाणी घेऊन तिच्या पायांशी बसल्या.