गळती कुणाची

"आपला प्रोग्रॅम फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर फुगतो आणि दुपारपर्यंत मान टाकतो," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "बाळंतपणाच्या रजेत हात गंजले वाटतं. मेमरीची गळती तुमच्याच कोडमध्ये आहे. आज सापडली नाही, तर उद्यापासून घरी पाळणा हलवत बसा."

"गळतीतलं वहिनींना काय शिकवायचं, साहेब?" शेजारचा टेस्टर खुसखुसला. "सकाळी दुपटी बदलूनच येतात त्या!"

मी शोधायला बसले. काम झालं की प्रोग्रॅमने मेमरीत अडवलेली जागा सोडायची असते. हा सोडतच नव्हता. माझी लेक झोपेतसुद्धा माझं बोट मुठीतून सोडत नाही, तसा. पण तिचं धरणं गोड असतं. हे नव्हतं.

माझ्या कोडने घेतलेली जागा वेळेवर सोडलेली दिसली. उरलेली सगळी फोटोंनी अडवली होती. माझ्याच कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याने काढलेले, एकावर एक रचलेले फोटो. लेकीसाठी दूध काढायला मी मागच्या खोलीत गेले की लगेच एक, आणि परत येईपर्यंत आणखी कितीतरी. हा भाग माझ्या कॉम्प्युटरवर गुपचूप कुणी टाकला, त्याचं नावही तिथेच होतं.

"काय मॅडम, सापडली का गळती?" साहेबांनी मोठ्याने विचारलं.

मी स्क्रीन सगळ्यांकडे फिरवली.



"सापडली, साहेब. तुमच्या कोडला माझी रिकामी खुर्ची काही केल्या विसरवत नाहीये."