ओझेला आजीचा ब्रश

काळ्या माणसाला एकवेळ स्वर्गात जागा मिळे, पण तेव्हाच्या अमेरिकेत, अलाबामातल्या मतदारयादीत नाही. म्हणून काळी माणसं कोर्टापुढे निषेधाची रांग लावत आणि तुरुंगात जात, रात्र तिथेच जाणार म्हणून खिशात दातांचा ब्रश घेऊनच. ओझेला आजीनेही तो आणलेला पाहून गोरा शिपाई खिदळला, "मावशे, तोंडाचं बोळकं झालंय, ब्रश कशाला?" "गेल्या वर्षी दात होते, ब्रश नव्हता. यंदा ब्रश आहे, दात तुझ्या दंडुक्याने नेले. आता काय पाडशील, बाबा?" रांग अशी हसली की कोर्टाच्या खिडक्या थरथरल्या, सगळ्यांत मोठ्याने तिची नात. शिपायाने नातीकडे पाहिलं. "हिचे आहेत की अजून," म्हणाला आणि दंडुका उचलला. संध्याकाळी कोठडीत दात पडलेल्या, रक्ताळलेल्या तोंडाने नातीने विचारलं, "आजी, माझा ब्रश टाकून देऊ?" आजीने तिचे ओठ पुसले. मग म्हणाली, "ठेव. उद्या सुटलो की पुन्हा रांगेत जायचंय, त्याने बूट घासू."