पत्ता नसलेली गाडी

शेंदूरजनाघाटच्या घरात गजेंद्रनं मोबाईलवर कोकणचा नकाशा उघडून बायकोपुढं धरला. पहिला मुक्काम गुहागर, मग गणपतीपुळे, मग समुद्राच्या कडेकडेनं वेंगुर्ल्यापर्यंत. झोपणं, स्वयंपाक, सगळं गाडीतच.

"ऐन दिवाळीत कशाला? फार गर्दी असते," अशा गाड्या भाड्यानं देणारा पुण्याचा गाडीवाला फोनवर म्हणाला. "आणि दोघंच आहात, तर सरळ हॉटेल घ्या ना."

"दिवाळीतच पायजे. अन् गाडीच पायजे." गजेंद्रनं फोन ठेवला आणि चंदाकडं वळला. "हॉटेलचं दार कोणी बी येऊन वाजवते. गाडी आज कुठं उभी हाय, कोणाले समजन?"

चंदा उठली. कपाटावरची बॅग काढून तिनं त्यात दोन साड्या टाकल्या.

तेवढ्यात वलगावहून गजेंद्रच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "कोकणात चालले म्हणे तुमी? जा बाप्पा, जा. आमी बी गाडी केली, मांगं मांगं येतो. शिवम गेल्यावरचा पयला सण हाय, गजू. लेकरू गेलेल्या मायबापाचं तोंड सोयऱ्यायनंच गोड करा लागते. रीत हाय ते. करंज्या घेऊन येतो. कुठं थांबसान, तेवढं सांगून ठेव."

गजेंद्र नुसता "हो" म्हणाला.

चंदानं साड्या बाहेर काढल्या, पुन्हा घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसली. मग तिनं विचारलं, "अवो, हे गाडी समुद्रात किती आत जाते?"