कुलपाच्या घरचा कचरा

बुलढाण्यात उतारावरच्या त्या घराला दिवाळीपासून कुलूप होतं. तरी घंटागाडी आली की ओट्यावर ओल्या नि सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्या तयार असायच्या. ओल्या बादलीतला चहाचा चोथा अजून कोमट लागायचा.

“शेजारची ठेवत असन,” गाडी चालवणारा हिंमतराव म्हणायचा. त्याची बायको सुभद्राबाई त्याच गाडीवर कचरा निवडायची. शेजारीही कोणी राहत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आज सुक्या बादलीत कागदाची पुडी निघाली. फुटकी काच अशी वेगळी बांधून द्या, हे तीच दारोदार सांगायची. पुडीत हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते, सोनेरी टिकल्यांचे. तिने परवाच तशा बांगड्या भरल्या होत्या.

“कोनाच्या तरी बांगड्या वाढल्या वाटते,” ती पुटपुटली. फुटल्या, असं तिच्या जिभेवर येईना.

पुडी पुन्हा बांधायला तिने रबरी हातमोजे उतरवले. दोन्ही मनगटं मोकळी होती.

“अवो,” तिने गाडीकडे हाक मारली, “ऐकून राह्यले का?”

भोंग्यावर ओला कचरा, सुका कचरा चालूच होतं. हिंमतरावाने ओ दिली नाही. गाडी मात्र उतारावरून हळूहळू, आपली आपण पुढे सरकू लागली होती.