काहीच बाकी नाही

स्मशानातून माणसं परतायच्या आतच कुमुदिनीच्या मोबाइलवर निरोप आला. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झाली होती. पेन्शन, वीजमीटर, गॅस सगळं तिच्या नावावर चढलं होतं. सरकारी खात्यांची यंत्रं आता आपापसांत बोलून मोकळी होत.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. तशी कागदांची पिशवी घेऊन ती तहसील कचेरीत गेली. वडील गेले तेव्हा आईनं इथंच वर्षभर हेलपाटे घातले होते. बाबू लोकांना शिव्या घालण्यासाठी का होईना, आई रोज वेणी घालून घराबाहेर पडायची.

आता कचेरीत रांग नव्हती. खिडकीशी तावरे क्लार्क एकटेच होते. त्यांनी पडद्यावर पाहिलं.

“काकू, सगळं झालंय की. तुम्हाला काहीच करायचं नाही.”

“बरं,” म्हणून ती तिथंच उभी राहिली. रडू येत नव्हतं, घरी जावंसंही वाटत नव्हतं. “सही कुठं करायची?”

“सही लागत नाही आता.”

“मग अंगठा?”

तावरे तिच्याकडे बघत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी तिची पिशवी घेतली, कागद उगाचच उलटसुलट केले.

“एक झेरॉक्स कमी आहे,” ते म्हणाले. “उद्या या.”